दाणा, भरडा आणि गोळी

कोंबडीला काय आवडतं ते भांडं भरताना कळत नाही. संध्याकाळी तेच भांडं धुवायला घेतलं की कळतं. सकाळी त्यात मक्याचा भरडा होता, बाजरी होती, सोयाबीनची पेंड, तांदळाचा कोंडा, कुटलेली सुकट होती. आता मका गेलेला, बाजरी गेलेली, सुकटीचा नुसता वास मागे राहिलेला. आणि तळाला कोंड्याची नि पेंडीची करडी भुकटी, तिच्यावर चोचींच्या खुणा उमटलेल्या. मी ती बोटांनी चाळून बघते. भरडा जाड पडला होता का, पेंड जुनी निघाली का, की उन्हानं जीव कासावीस होऊन सगळ्यांनीच हात आखडता घेतला, हे त्या मूठभर भुकटीवरून समजतं. कोंबड्या पाळणाऱ्या घरात हे वाचन रोजचं असतं.

आमचं घर कुर्ल्याला, पश्चिमेला, होली क्रॉस चर्चच्या आसपासच्या जुन्या वस्तीत. पलीकडे लालबहादूर शास्त्री मार्ग, ज्याला जुनी माणसं अजून आग्रा रोडच म्हणतात, तिथला गोंगाट रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. डोक्यावरून विमानं विमानतळाकडे उतरत जातात. आमच्या कोंबड्या दर विमानाला मान तिरकी करून एक डोळा आभाळाला लावतात. घारीचा धाक त्यांच्या रक्तातच आहे, आणि घार कुठली नि विमान कुठलं हे एकदा नीट बघून घेतल्याशिवाय चोच पुन्हा खाली जात नाही. घरामागे चिंचोळी लादी घातलेली जागा आहे, तिथे खुराडं. ते उभं केलं माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना आईच म्हणते. सासरे स्वदेशी मिलमध्ये साचेखात्यात होते, जमशेटजी टाटांनी १८८६ साली विकत घेऊन जिचं नाव स्वदेशी ठेवलं तीच ही कुर्ल्याची मिल. आई चिपळूणकडच्या गावातून लग्न होऊन आल्या त्या पितळेची कळशी, जातं आणि कोंबड्यांची सवय घेऊन. मिलचा भोंगा थांबला, जातं माळ्यावर गेलं, कोंबड्या राहिल्या.

गावाला कोंबडीला ‘खाद्य’ असं काही द्यावं लागत नसे, हे आई पुन्हापुन्हा सांगतात. पहाटे खुराड्याची फळी काढली की कोंबड्या उकिरड्यावर. तिथे किडे, अळ्या, गवताचं बी, खरकट्यातलं शीत. झोडणीच्या दिवसांत खळ्यात सांडलेलं भात. पिल्लं असली तर पोरं वाळवीचं वारूळ फोडून ढेकूळच्या ढेकूळ आणून टाकत. संध्याकाळी मूठभर कणी फेकायची ती पोट भरावं म्हणून नव्हे, त्या घरी परत याव्यात म्हणून. बाकी सगळी सोय माती करत होती. चुन्याचा अंश, मीठ, मांसाचा वाटा, हिरवा पाला, दळायला खडे, सगळं तिच्यात होतं आणि कोंबडी आपापल्या गरजेनं ते शोधून घेत होती. कुर्ल्यात ती माती नाही. लादी आहे, तिच्याखाली कोबा, त्याच्याखाली कधीकाळच्या खाजणाचा भराव. म्हणजे इथे कोंबडीचं खाद्य ठरवणं म्हणजे मातीचं काम आपल्या अंगावर घेणं. ते नीट केलं पाहिजे, कारण आपण चुकलो तर तिला दुसरीकडे जायला वाव नाही.

खाद्याच्या दुकानात पोती शेजारी शेजारी उभी असतात आणि नवखा माणूस नेमकं तिथेच गोंधळतो. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर. अंड्यावरच्या कोंबडीचं चिक, ग्रोअर, लेयर. ब्रॉयलरचं खाद्य सहा आठवड्यांच्या आत वजन भरावं म्हणून केलेलं असतं. ते वर्षानुवर्षं जगवायच्या गावठी कोंबडीला रोज घातलं तर तिच्या पोटात चरबी साठते आणि अंडं मंदावतं. पिल्लाला पहिले आठ आठवडे प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास लागतात. पुढे वाढीच्या वयात ती कमी केलेली चालतात. अंड्यावर आली की पुन्हा थोडी वाढवायची. पण या तिन्हींमधला खरा फरक प्रथिनांत नाही, कॅल्शियममध्ये आहे. लेयरच्या खाद्यात ते साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाच्या खाद्यात एक टक्का. मोठ्यांचं पोतं उघडं आहे म्हणून त्यातलंच पिल्लांना घातलं तर एवढा चुना त्यांच्या कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. एकाच खुराड्यात आई आणि लेकरं असतील तर भांडी वेगळी ठेवायची, आणि पिल्लांचं भांडं अशा जाळीआड, जिथून फक्त पिल्लंच आत जातील.

आता रूप. तेच मिश्रण तीन रूपांत मिळतं आणि कोंबडीच्या दृष्टीनं ती तीन वेगळी खाद्यं आहेत. पहिलं मॅश, म्हणजे सगळं भरडून एकत्र केलेलं. आमच्याकडे आई ते घरीच करत. अर्ध्याहून थोडा जास्त मका, पाव भागाला जरा कमी सोयाबीनची पेंड, कोंडा, सुकट, शिंपल्याचा चुरा, मीठ चिमटीनं, आणि दुकानातून आणलेलं क्षारांचं मिश्रण. चक्कीवाल्याला बजावून सांगावं लागे, पीठ करू नकोस, रव्यापेक्षा जाड ठेव. पीठ झालं की ते चोचीला चिकटतं, नाकपुड्यांवर बसतं, पाण्याच्या भांड्यात उतरून पाणी आंबवतं. मॅश खाणारी कोंबडी जवळ बसून बघण्यासारखी असते. आधी ती थांबते. मान एकीकडे करते, मग दुसरीकडे. दोन डोळ्यांनी दोनदा बघते. तिच्या डोळ्यांना आपल्याहून एक रंग जास्त दिसतो, आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशातलंही तिला दिसतं. चवीच्या कळ्या मात्र तिच्या तोंडात काही शेच, माणसाकडे हजारांनी. निवड डोळ्यांची. चोचीनं भुकटी उडवायची, आकार बघायचा, मक्याचा कण उचलायचा, पुन्हा उडवायची. खुराड्यातली थोरली पहिल्यांदा येते आणि उत्तम ते घेऊन जाते. मागून येणाऱ्या तलंगेच्या वाट्याला कोंडा. कागदावर समतोल असलेलं खाद्य अशा तऱ्हेनं दर पोटात वेगळं होऊन जातं.

त्यावर आईंचा उपाय पाण्याचा. सकाळच्या मॅशवर कोमट पाणी शिंपडून मूठ वळेल इतपत ओलं करायचं, म्हणजे भुकटी मक्याला धरून बसते आणि मक्याबरोबर तीही पोटात जाते. कोंबड्या ओलं खाद्य भराभर खातात. पण तासाभरात संपेल तेवढंच कालवायचं; उरलं तर दुपारच्या आत फेकायचं. हीच गोष्ट पुढे नेऊन काही जण दाणे पाण्यात बुडवून दोन-तीन दिवस आंबू देतात. आंबवलं की दाण्यातलं बांधून राहिलेलं फॉस्फरस मोकळं व्हायला लागतं, पचन सोपं होतं. वास आंबट-गोड हवा; सडका आला तर तो घास कोणाच्याच तोंडात जाता कामा नये.

दुसरं रूप गोळीचं, पेलेटचं. भरडलेल्या मिश्रणाला वाफ देऊन ते भोकं पाडलेल्या जाड पोलादी साच्यातून दाबतात आणि सोऱ्यातून शेव पाडावी तसं बाहेर पडलेलं कापत जातात. प्रत्येक गोळीत सगळं आलं; निवडीला जागा नाही, भुकटी नाही, सांडलवंड कमी. वाफेनं काही रोगजंतूही मरतात. तिसरं क्रम्बल, म्हणजे तीच गोळी पुन्हा फोडून केलेले खडे, लहान चोचींसाठी. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पोटात शोषून घेतलेल्या बलकावर दोन-तीन दिवस तग धरू शकतं. पण पाणी आणि क्रम्बल त्याला जितक्या लवकर दिसेल तितकं बरं. कागदावर पसरून बोटानं टकटक करावं लागतं. आईकोंबडी चोचीनं करते तेच आपलं बोट करतं, आणि पिल्लं धावून येतात.

गोळीचे गुण मला मान्य आहेत, आणि तिच्याविषयी मन साशंकही आहे. गोळी खाणाऱ्या कोंबडीचं जेवण लवकर आटोपतं. मॅश टिपण्यात ती दिवसाचे तासन्‌तास घालवते. गोळीनं पोट भरायला त्याचा थोडासाच भाग लागतो. उरलेला दिवस अरुंद जागेत, लादीवर. मग तो रिकामा वेळ शेजारणीच्या पिसांवर निघतो. एकीनं दुसरीच्या पाठीवरचं पीस उपटलं, रक्ताचा ठिपका दिसला, की सगळ्या त्यावर तुटून पडतात. हे दुष्टपणानं होत नाही. टिपणं हे तिचं काम आहे आणि ते काम तिच्याकडून काढून घेतलेलं आहे.

सबंध दाण्याचा मान वेगळाच. ज्वारी, बाजरी, कधी तुसासकट भातसुद्धा. मुठीतून फेकताना ‘आ, आ, आ’ म्हणून घातलेली साद, त्या सादेला लांबून धावत येणारे पाय, हे सुख गोळीच्या पोत्यात नाही. पण सबंध दाण्याला दळणारं लागतं. कोंबडीला दात नाहीत. तिचं जातं पोटात. कुर्ल्यातल्या कुठल्याही चिकनच्या दुकानात पोटा-कलेजी मागितली तर जो घट्ट लालसर स्नायू मिळतो, तोच पोटा. गावठी कोंबडीचा पोटा कापून बघा: आत पिवळं, चिवट, सुरकुतलेलं अस्तर, आणि त्यात वाळूचे, काचेसारखे गुळगुळीत झालेले बारीक खडे. एकेक खडा तिनं स्वतः वेचून आत घेतलेला. लादीवरच्या कोंबडीला खडे कुठून मिळणार? म्हणून दाणे द्यायचे असतील तर एका वाटीत चाळलेली जाडी वाळू ठेवायची. नुसत्या मॅशवर असेल तर तिला खड्यांची फारशी गरज पडत नाही.

शिंपल्यांची वाटी मात्र वाळूपासून वेगळी ठेवायची. वाळू टिकते, शिंपला विरघळतो, आणि तो विरघळावा म्हणूनच द्यायचा. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. कोंबडी दिवसाला १०० ते ११० ग्रॅम खाते आणि त्या घासांतून एवढं उभं करते. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा, ती दांडीवर बसलेली असताना, पोटात नवा घास जात नसताना. तेव्हा संध्याकाळी खाल्लेले शिंपल्याचे जाड तुकडे पोट्यात सावकाश विरघळत रात्रभर पुरवठा करतात. पीठ केलेला चुना रात्र पडायच्या आत निघून जातो. जाड तुकडे मिळाले नाहीत तर ती कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढते. अंड्यावरच्या कोंबड्या दिवस कलताना शिंपल्याच्या वाटीशी येतात, एरवी ढुंकूनही बघत नाहीत, हे मी स्वतः पाहत आले आहे. हार्बर लाइनवर कुर्ल्याच्या पुढचं स्टेशन चुनाभट्टी. तिथे एकेकाळी चुन्याच्या भट्ट्या होत्या, आणि जुन्या मुंबईच्या भिंतींना लागणारा चुना शिंपले जाळूनही करत. आई शिंपले बाजारातल्या कोळणीकडून मागून आणत, उकळून, उन्हात वाळवून, पाट्यावर फोडत. जाळत मात्र नसत. जाळलेला चुना दाहक, आतडं पोळवणारा. कच्चा शिंपला निरुपद्रवी. अंड्यांची टरफलंही द्यावीत, पण भाजून, बारीक कुटून, ओळखू येणार नाहीत अशी. अख्खं टरफल ओळखीचं झालं की पुढे अख्खं अंडंही फुटतं.

कोंबडीच्या घासाकडे नीट बघितल्यानं माणसांचेही जीव वाचले आहेत. जावामधल्या बटाव्हियात ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडल्या, पाय टाकेनात. आणि काही महिन्यांनी तशाच अचानक बऱ्या झाल्या. शोध घेतल्यावर कळलं, मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, कोंडा काढलेल्या तांदळाचा पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि त्यानं लष्कराचा भात साध्या कोंबड्यांना द्यायचं नाकारलं, तेव्हा त्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या. आइकमनला वाटलं भातात विष आहे. त्याच्या जागी आलेल्या खेरिट ग्रेन्सनं १९०१ साली उलटं मांडलं: विष नाही, काढून टाकलेल्या कोंड्यात काहीतरी आवश्यक होतं. त्यातून जीवनसत्त्वांची कल्पना पुढे आली आणि १९२९ चं नोबेल आइकमनला मिळालं. हे वाचलं तेव्हापासून गिरणीतून आलेल्या कोंड्याच्या पिशवीला मी हलकं लेखत नाही. नेहरूनगरच्या एसटी आगारात अजून गावाकडच्या गाड्यांतून कणीच्या, कोंड्याच्या, नाचणीच्या पिशव्या उतरतात. त्यांतली एखादी आमच्याकडे येते. कोंडा ताजा असला की गोडसर वास येतो. त्यात तेल असतं, म्हणून तो लवकर खवट होतो. महिनाभराच्या वर ठेवायचा नाही.

पावसाळ्यात तर काहीच जास्त ठेवायचं नाही. २६ जुलै २००५ ला मिठी नदीचं पाणी वस्तीत चढलं तेव्हा आईंनी आधी कोंबड्या माळ्यावर नेल्या आणि मग गव्हाचा डबा. पाणी ओसरल्यावर भिजलेलं सगळं खाद्य त्यांनी फेकायला लावलं. वाळवून बघू असं घरातलं कुणीतरी म्हणालं, तेव्हा आई म्हणाल्या, “अहो, वरून वाळेल, आतलं कसं वाळेल?” त्यांनी कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले ते ब्राझीलहून आलेल्या बुरशीच्या शेंगदाणा पेंडीनं. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष माहीत झालं. ते डोळ्यांना दिसत नाही, शिजवल्यानं पुरतं जात नाही, यकृतावर जातं. जून ते सप्टेंबर कुर्ल्याची हवाच ओली असते. पोतं भिंतीला टेकवायचं नाही, लादीवर ठेवायचं नाही, लाकडी फळीवर ठेवायचं. हात आत खुपसून बघायचा. आतून ऊब लागली की पोतं बिघडलं. मक्याची मूठ नाकाशी धरायची. शंका आली की द्यायची नाही, पैसे गेले तरी.

मक्यावर आईंचा जीव आहे तो बलकासाठी. ज्वारीवर, कणीवर ठेवलेल्या कोंबडीचा बलक फिका. पिवळ्या मक्यावर, शेवग्याच्या नि मेथीच्या पाल्यावर तो गडद होतो. तो पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करू शकत नाही, घासातूनच मिळवते. जोरात अंड्यावर असलेल्या कोंबडीचे पिवळे पाय हळूहळू फिके पडत जातात, तिच्या अंगचा रंग बलकात जात असतो. आणि हे पिवळे पायच मुळात आपल्या इकडचे: कातडीत हा रंग साठवण्याचा गुण पाळीव कोंबडीत आला तो सह्याद्रीत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून, असं २००८ सालच्या जनुकांच्या अभ्यासात दिसून आलं. जगभरच्या पिवळ्या पायांत आपलं रान आहे, याचा मला फार आनंद होतो.

रान आणखी एका गोष्टीत टिकून आहे. समोर भरलेलं भांडं असतानाही कोंबडी उकरून शोधलेला दाणा पसंत करते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिलं की कष्टानं मिळवायचं अन्न रानकोंबडी जास्त निवडते, जास्त अंड्यांसाठी घडवलेली लेगहॉर्न कमी. कमी, पण निवडते. आमच्या गावठी कोंबड्या या दोघींच्या मध्ये कुठेतरी असाव्यात. म्हणून मी रूपाचा निर्णय असा केला आहे: सकाळी ओलं मॅश, सगळं समतोल, घरून निघायच्या घाईतही चुकवायचं नाही. दुपारी भांड्यात थोडी लेयरची गोळी, कारण ती उन्हात आंबत नाही. आणि चार वाजता बाजरीची मूठ भाताच्या तुसाच्या थरात मिसळून टाकायची, भांड्यात नाही. तुसाचा थर वीतभर. त्यात पाय मारत, मागे सरकत, वाकून बघत त्या अंधार पडेपर्यंत गुंतलेल्या असतात. कोबीची पानं दोरीला टांगते, उडी मारून टिपावी लागतील इतक्या उंचीवर. पिसं उपटणं थांबलं ते यानं. पोषणाच्या तक्त्यात या शोधाला रकाना नाही. मला वाटतं असायला हवा. शहरात जीव ठेवायचा तर त्याचं पोट भरणं अर्धंच काम आहे.

सध्या खुराड्यात या वर्षीच्या तलंगा आहेत. तुरे लाल व्हायला लागलेत, मी हात पाठीवर ठेवला की एकजण दबकून बसते, म्हणजे अंडं पंधरवड्यावर आलं. ग्रोअरवरून लेयरवर न्यायची वेळ झाली. एकदम बदललं तर खायच्या थांबतील, म्हणून तीनास एक, मग निम्मं-निम्मं असं वाढवत न्यायचं, आणि शिंपल्याची वाटी आधीपासूनच समोर ठेवायची. आई आता वाकू शकत नाहीत, खुर्चीवर बसून देखरेख करतात. काल भांडं त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी बोटांनी तळ चाळला, एक कण दातांखाली घेतला आणि म्हणाल्या, “भरडा बारीक झालाय गं. चक्कीवाल्याला सांग, पुढच्या खेपेला दगड थोडा वर घे.”